खंडेनवमीला उठलेला प्रोग्राम

एक चूक मी वर्षभर लपवली आणि त्यापायी एका भल्या माणसाचं नाव खराब होऊ दिलं. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून आपण मला भाविक समजाल — आणि तो मी तेव्हा नव्हतो, आजही फारसा नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी मूळचा साताऱ्याचा. सांगलीजवळ कुपवाडच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळत असे. भट्टीचं तापमान स्क्रीनवर दाखवणारा प्रोग्राम माझे सहकारी मगदूम यांनी लिनक्स या सिस्टीमवर लिहिला होता. मूळ कोडची डिस्क केव्हाच खराब झाली होती. उरला होता तो फक्त चालता प्रोग्राम.

खंडेनवमीला यंत्रं बंद ठेवून त्यांची पूजा होते. सगळं थांबलेलं... म्हणून नव्या सीडीवरून सिस्टीम अपडेट करायला मी नेमका तोच दिवस निवडला. हार घालता घालता फोरमन तात्या म्हणाले, "सातारकर, आज हत्याराला हात लावत न्हाईत. त्ये बी हत्यारच हाय की." मी नुसता हसलो.

प्रोग्राम ज्या सामायिक फाइल्सच्या आधारानं चालतात, त्यांना लायब्ररी म्हणतात. अपडेटनं जुनी लायब्ररी जाऊन नवी आली आणि दसऱ्यानंतर मगदूमांचा प्रोग्राम सुरूच होईना. कारण मला लगेच कळलं. ती लायब्ररी असलेली जुनी सीडी माझ्या साताऱ्याच्या घरी होती. ती आणली असती तर सगळं निभावलं असतं. पण मालकांनी विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून निघालं — प्रोग्रामच कच्चा असावा. मगदूमांची नोकरी गेली. कुपवाडात बातमी पसरायला वेळ लागत नाही. त्यांना पुन्हा कुणी दारात उभं केलं नाही.

पुढच्या खंडेनवमीला कोपऱ्यात पडलेला तो कॉम्प्युटर तात्यांनी पूजेपुरता सुरू केला. मी हळदकुंकू वाहायला वाकलो, आणि समोर मगदूमांचा प्रोग्राम चालू होता. भट्टी थंड, आणि आकडाही थंड भट्टीला शोभेल असाच.

"मगदूमाचं भूत म्हणावं," तात्या म्हणाले, "तर गडी अजून जित्ता हाय." सगळे हसले. मला हसू आलं नाही.

मी सगळी डिस्क शोधली. जुनी लायब्ररी कुठेच नव्हती. आत काही बदलायला लागणारा पासवर्ड माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हता. प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला, तर लायब्ररी सापडत नसल्याचा तोच जुना संदेश. त्यानंतर तो कधीही उठला नाही... पुढे कितीतरी जाणकारांना विचारलं. उत्तर कुणाकडेच नव्हतं. माझ्याकडे आजही नाही.

त्याच दिवशी स्कूटर काढून मगदूमांच्या गावाकडे निघालो, अर्ध्या वाटेवरून परतलो, पुन्हा निघालो, पुन्हा परतलो.

दुसऱ्या दिवशी दसरा. आम्ही सगळे मालकांच्या घरी आपट्याची पानं द्यायला जमलो होतो. शेजारच्या कारखान्यांचे मालकही होते. रीत मोडायची नाही म्हणून मगदूमही आले, फाटकापाशीच थांबले. मालकांनी त्यांच्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मी पुढे गेलो, तर त्यांनीच हात पुढे केला. "घ्या सातारकर, सोनं घ्या."

मी पानं घेतली नाहीत. मागे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात — मी एरवी कधी एवढ्या मोठ्यानं बोलत नाही — म्हणालो,

"मगदूम, तुमच्या प्रोग्राममध्ये काहीही खोट नव्हती. जुनी लायब्ररी मी काढली, आणि मालकांशी खोटं बोललो. मला माफ करा."