राखेचा आकडा

वळ गावची संघरत्ना शाळेत होती तेव्हा तिचे वडील मिथुन गेले. ते भिवंडीत काळूरामशेठच्या सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, बॉयलरवर होते. नळी फुटली नि ते भाजले. शेठने पोलिसांना सांगितलं, माणूस पिऊन ड्युटीवर आला होता. मिथुनने दारूला कधी हात लावला नव्हता, पण तेव्हापासून गावात संघरत्नाची आई मीराबाई दारुड्याची बायको झाली.

संघरत्ना केमिकल इंजिनिअर झाली. ठाण्याच्या एका कंपनीत ती संगणकावर मॉडेल बांधायची: विजेच्या प्रचंड तापलेल्या झोतात, म्हणजे प्लाझ्मात, कोळसा न जाळता त्याचा इंधनवायू केला तर किती मिळेल, त्यासाठी वीज किती लागेल.

धुरापायी काळूरामच्या बॉयलरला प्रदूषण मंडळाची नोटीस आली. त्याने मंडळाला कळवलं, आपण प्लाझ्माचा प्लांट घालतोय, तोवर जुनं चालू द्या. त्याचा अहवाल करायचं काम या कंपनीकडे आलं, तेव्हा संघरत्नाने ते मागून घेतलं.

त्याच्या कोळशात चाळीस टक्के राख निघाली. मॉडेलमध्ये निम्मी वीज ती राख वितळवण्यातच जात होती. आपला राग तर आकड्यांत उतरला नाही ना, म्हणून तिने प्रत्येक अट त्याच्या बाजूने धरून मॉडेल पुन्हा चालवलं. तरी प्लांट परवडेना.

शेठ ऑफिसात आला. संघरत्नाच्या वरिष्ठ भावना मॅडम समोर बसल्या होत्या. राख पंधरा टक्के दाखवा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. संघरत्नाने आपण कोणाची मुलगी ते सांगितलं नि विचारलं, "माझे वडील प्यायले होते?"

"न्हाय," पान मागावं तितक्या सहज तो म्हणाला. "नळीच जुनी होती. तवा तसं सांगावं लागलं. आता आकडा बदल."

इतकी वर्षं जे ऐकायचं होतं ते असं मिळालेलं पाहून ती आतून पेटली.

"राख चाळीसच राहील, शेठ."

अहवाल मंडळाकडे गेला, बॉयलरला सील लागलं. संघरत्ना मुद्दाम त्या रस्त्याने गेली, बिनधुराची चिमणी डोळे भरून पाहिली नि घरी येऊन आईला सगळं सांगितलं.

"कोणासमोर बोलला?" मीराबाईने विचारलं.

"मॅडमसमोर."

"पोलिसांसमोर न्हाय ना? मग अजून झालं न्हाय."

भावना मॅडम साक्षीला तयार झाल्या. जुनी केस उघडण्याचा अर्ज संघरत्नाने आईच्या हातूनच पोलिसांत दिला.