रिकाम्या बंदुकीचा आवाज

बंदुकीत छर्रा न घालता ती रोज उडवणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे शेजारचे मामाजी. तळेगावात सून म्हणून आलं की शेजारच्या म्हाताऱ्यांनाही मामाजी-आत्याबाईच म्हणायचं, तसे हे मामाजी. छर्ऱ्याची ती बंदूक त्यांच्या वडिलांनी संत्र्यावरची वानरं हाकलायला घेतलेली. वानरांनी तिला भिणं कधीच सोडलं होतं.

दिवस कलला की बगीच्यातून निघण्याआधी मामाजी नळीत तेलाचा थेंब सोडायचे आणि बंदूक रिकामीच उडवायचे. तेलामुळे आवाज मोठा व्हायचा, नाल्याअलीकडे आमच्या घरापर्यंत यायचा. तो आला की आत्याबाई तवा चढवायच्या. मामाजी पाय धुऊन बसेपर्यंत पहिली भाकर ताटात. मोबाईल आला तरी हेच. मी म्हटलं, "फोन करत जा ना, मामाजी."

"फोन उचला लागते. तिचे हात पिठात राह्यते. कान त मोकळे असते ना?"

पण रिकामी उडवली की आतली स्प्रिंग आपटून तुटते. दुरुस्तीवाला दर वेळी बजावायचा, मामाजी मान डोलवायचे आणि संध्याकाळी पुन्हा ठो. बंदुकीचा कारखाना बंद पडून जमाना झालेला. हवा दाबणारा आतला वायसर मामाजी जुन्या चामड्याचा कापून तेलात भिजत घालायचे. "यायच्या बंदुकीपायी माही चांगली चप्पल गेली," आत्याबाई मला सांगायच्या, पण तक्रारीचा सूर काही लागायचा नाही. वायसर घरी होतो, स्प्रिंग कुठून आणणार?

दुरुस्तीवाल्याकडची शेवटची स्प्रिंग तुटली आणि पाठोपाठ आत्याबाई गेल्या. तेरवी होताच मामाजी स्प्रिंग शोधायला निघाले. वर्धा, अमरावती, नागपूर. कोणी नवी बंदूक दाखवायचा, कोणी भलतीच जाड स्प्रिंग. बुढा सरकला, असं गाव म्हणू लागलं. मी मुळात तापट. उन्हातून रिकाम्या हाताने परतलेले पाहून एकदा बोललेच, "आता कोणासाठी वाजवता?"

"घरी कोणी नाई, हे मले मालूम आहे," ते म्हणाले. "पण मी येऊन राह्यलो, हे कोणाले त मालूम पाह्यजे."

आमचे हे एसटीत कंडक्टर. त्यांना सांगितलं, जिथे मुक्काम पडेल तिथे विचारा. समुद्रपूरला एका सायकलवाल्याच्या डब्यात दुसऱ्या मोडक्या बंदुकीची स्प्रिंग निघाली. मामाजींनी ती दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिली.

दुसऱ्या दिवशी सांजेला आवाज आला. मी तवा चढवला. मामाजी आपल्या कुलपाकडे गेलेच नाहीत, पाय धुऊन आमच्या ओट्यावर येऊन बसले. संत्र्याचे दोन बहार असेच गेले.

मग ते पडले आणि त्यांचा मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. जाताना बंदूक माझ्या हातात दिली. "तिथं उडवू नाई देत. आता सांजचा आवाज येणार नाई, पोरी. वाट नको पाह्यजो."

पाहिली. अजून पाहते.

मामाजींचा बगीचा आता आम्हीच करतो. ह्यांची मुक्कामाची ड्युटी, मुलं नागपूरला शिकायला. परवा निघताना मीच नळीत तेलाचा थेंब सोडला आणि बंदूक उडवली. स्प्रिंग चांगली आहे अजून. आवाज नाला ओलांडून गावाकडे गेला.

मी घरी आले, पाय धुतले. तवा भिंतीला टेकून उभा होता.