काईलीतून बेटावर

माझी सासुरवाडी जळकोटच्या अलीकडं, हायवे सोडून थोडं आत, एका तलावाच्या काठाला आहे. पाऊस चांगला झाला की तलावाचं पाणी गावच्या माळावर चढतं आणि तिथली एक टेकडी चारी बाजूंनी पाण्यात सापडते. उन्हाळ्यात तिच्यावर चालत जाता येतं, पण दिवाळीपासून होळीपर्यंत गावात तिला बेटच म्हणतात. वर एक वाकडा लिंब, कमरेएवढं गवत आणि शेंदूर फासलेला एक दगड. बाकी सगळं राज्य बगळ्यांचं.

मी तुळजापुरात कारकून आहे. चार वर्षांपूर्वी एका मित्राचा जुना कॅमेरा घेतला आणि मला पहाटेचे फोटो काढायचा नाद लागला. ते बेट मी काठावरून पुष्कळदा टिपलं होतं. तिथं उभं राहून सूर्य उगवताना बघावा, असं फार वाटायचं. पण जायचं कसं? होडी गावात एकच होती, आणि ती खरं तर होडी नव्हतीच. गूळ शिजवायची मोठी लोखंडी काईल होती ती. गुऱ्हाळ बंद पडल्यावर सासऱ्यांनी ती मागून आणली होती. तिच्यात बसून ते बेटावर जायचे आणि शेळ्यांसाठी गवत कापून आणायचे.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण आमचं बोलणं "कवा आलाव?" आणि "आत्ताच आलो" याच्या पुढं कधी गेलं नव्हतं. मामा शेळ्यांमध्ये आणि मी मोबाइलमध्ये. त्यामुळं त्यांना विचारायला मला दोन मुक्काम लागले. शेवटी एका रविवारी पहाटे उठलो तर ते चुलीपुढं बसलेले. मी म्हणालो, "मामा, मला बेटावर न्याल का?"

"तिकडं काय हाय?"

"फोटो काढायचेत."

त्यांनी शेळीच्या दुधाचा चहा पुढं सरकवला. "च्या घ्या अन् चला."

काईल गोल असते. एका बाजूनं वल्हं मारलं की ती पुढं जायच्या ऐवजी जागच्या जागी फिरते. मामा दोन्ही बाजूंनी आलटून पालटून फळकुट मारायचे आणि मी कॅमेऱ्याची पिशवी पोटाशी धरून गरगर फिरत बेटाला लागायचो. पहिल्या दिवशी मामांनी पाच मिनिटांत विचारलं, "झालं का?"

"अजून उजेड कुठं आलाय?"

"उजेड आल्यावर घरूनबी दिसतंय की सगळं."

पण त्यांनी घाई केली नाही. ते गवत कापत राहिले, मी लिंबाखाली तिपाई लावून बसलो. पूर्वेला तांबडं फुटलं, पाणी आधी निळं, मग जांभळं, मग एकदम पेटल्यासारखं झालं. बगळे उठले. मी भराभर फोटो काढले आणि वळून बघतो तर मामा विळा हातात धरून तसेच उभे.

"रोज येतो," ते म्हणाले, "पण गवतच बगत आलो."

त्यानंतर महिन्यातनं दोन-तीनदा आमची फेरी ठरलेली. हळूहळू मामांना माझं काम कळायला लागलं. आभाळ कोरडं असलं तर म्हणायचे, "आज ढग न्हाईत. तुमचं काय जमायचं न्हाय." एकदा तर शनिवारी दुपारी कार्यालयात त्यांचा फोन आला. त्यांनी मला केलेला तो पहिलाच फोन. मी घाबरून उचलला. "पावणं, सांजच्याला या. आभाळात कापूस पिंजल्यागत झालंय. उद्या लई भारी दिसंल." खरंच तसा सूर्योदय मला पुन्हा मिळाला नाही.

पौषातली गोष्ट. घरची एक शेळी व्यायला आलेली होती, म्हणून मामांना लवकर परत जायचं होतं. आम्ही बेटावर उतरलो आणि दहा मिनिटांत धुई उतरली. समोरचं पाणी गेलं, काठ गेला, शेवटी लिंबाचा शेंडाही गेला. मी खूश होतो. धुक्यात वाकलेले मामा आणि त्यांचा गवताचा भारा, असा एक फोटो मिळाला. पण धुई हटेना. मामांची चलबिचल वाढली. "तिचं पयलंच वेत हाय," ते म्हणाले, "चला, निघू."

निघालो. तलावाच्या मधोमध काईल कधी फिरली ते कळलंच नाही. पुढं पांढरं, मागं पांढरं. हायवेवरच्या ट्रकांचा आवाज येत होता, पण तो चहूकडून आल्यासारखा वाटत होता. मामांनी फळकुट मांडीवर घेतलं. खाली बघत म्हणाले, "पावणं, तुमाला पवता येतंय का?"

"येतं की. का?"

"मला न्हाय येत."

इतक्या फेऱ्या, इतकं पाणी! "मामा, मग आधी सांगायचं नाही का?"

"जावयाला असलं काय सांगायचं?"

मी सरकून त्यांच्या जवळ बसलो आणि त्यांचा दंड धरला. त्यांनी धरू दिला. पाणी लोखंडाला चुबुक चुबुक लागत होतं. किती वेळ गेला कोण जाणे. मग धुक्यातनं एक बारीक, लांबलेली हाक आली.

"आवोऽऽ! ऐकलं काऽऽ!"

मामींची, म्हणजे सासूबाईंची हाक. नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात घेतलं नाही आणि जावयाचंही घेत नाहीत, त्यामुळं त्यांच्याकडं हाक एवढीच. पुन्हा आली, "ऐकलं काऽऽ!"

"ऐकलं, ऐकलं," मामा पुटपुटले. "चाळीस वरसं ऐकायलोय." आणि त्यांना हसू फुटलं. मलाही आवरेना. काईल हलायला लागली तसे आम्ही एकमेकांना धरून हसत राहिलो. मग मामी हाक मारतील तिकडं तोंड करून एकेका बाजूनं दोघं पाणी मारत निघालो, मामा फळकुटानं आणि मी तिपाईनं. काठ दिसला तेव्हा मामी गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. ओरडून घसा बसलेला. "दोन करडं झालीत," त्या एवढंच म्हणाल्या, "एक पाट, एक बोकड." मामा भारा तिथंच टाकून गोठ्याकडं पळाले.

उन्हाळ्यात मी आठ दिवसांची रजा काढली. कंबरेला रिकामा तेलाचा डबा बांधून मामा रोज सकाळी पाण्यात उतरायचे आणि मी त्यांच्या पोटाखाली हात धरायचो. पहिले तीन दिवस त्यांनी माझ्या मनगटावर नखं उठवली. सहाव्या दिवशी मी हात काढून घेतला, ते त्यांना कळलंच नाही. दहा-बारा हात पुढं पोहत गेले, उभे राहिले, तोंडावरचं पाणी पुसलं आणि मला म्हणाले, "तुमी तिकडं काय करायलाव?"

मी हात वर करून दाखवले. मामांनी एकदा माझ्या हातांकडं बघितलं, एकदा मागच्या पाण्याकडं, आणि पुन्हा पाण्यात आडवे झाले.