यंत्र निजवणारा पोशा

पोशाचा मी पहिल्या दिवसापासून दुस्वास केला, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर लोक म्हणतील, मिस्तरी म्हातारपणी गोड बोलायला लागला.

सन एकोणीसशे तीसच्या सुमाराची गोष्ट. रेवदंड्याच्या खाडीकाठी मुंबईच्या एका गुजराती शेठने रबराचा लहानसा कारखाना काढला होता. कच्चं रबर शिडाच्या पडावातून यायचं आणि टांग्याच्या चाकांचं रबर नि बुटांचे तळवे होऊन त्याच वाटेने परत जायचं. मधल्या खोलीत रबर मळायचं यंत्र होतं. नारळाच्या खोडाएवढे जाड दोन लोखंडी रूळ एकमेकांकडे फिरायचे आणि त्यांच्या फटीत रबर, गंधक, काजळी असं सगळं मळून निघायचं. इंजिनाकडून आलेला चामडी पट्टा एका पुलीवर असला की रूळ फिरत, शेजारच्या मोकळ्या पुलीवर सरकवला की थांबत. सरकवायला एक लाकडी दांडा होता.

त्या यंत्रावर पोशा होता. जातीचा आगरी, मिठागरात वाढलेला, पन्नाशीचा, अक्षरशत्रू. मी मुंबईच्या तंत्रशाळेचं सर्टिफिकेट खिशात घेऊन आलेला चोवीस वर्षांचा मिस्तरी. मला वाटलं होतं, आपण आलो की कारखान्यात आपलाच शब्द चालणार. इथे तर जो तो पोशाचं नाव घेत होता.

यंत्र चालू कुणीही करील. पोशा ते बंद करायचा आणि ते बघायला माणसं घरी जायची थांबायची. भोंग्याच्या अर्धा तास आधी तो मुंडासं काढून खुंटीला लावी. रुळांमधलं रबर शेवटच्या तुकड्यापर्यंत सोलून काढी. दोन्ही बाजूंचे स्क्रू सैल करून रूळ एकमेकांपासून लांब करी. मग ते तसेच रिकामे फिरवत निववी. त्यानंतर इंजिन बंद, आणि पट्टा पुलीवरून पुरता उतरवून जमिनीवर गुंडाळून ठेवी. शेवटी कान लावून थोडा वेळ उभा राही. लहान मूल निजलं की नाही हे बघावं तसा.

"पट्टा मोकळ्या पुलीवर गेला की यंत्र थांबतं," मी एकदा त्याला ऐकवलं. "एवढी पूजा कशाला?"

"मिस्तरी, थांबला म्हंजे निजला न्हाय," तो म्हणाला. "आमच्या मिठागरात बांधाची उघाडी, म्हंजे पान्याची झडप, लावल्याबिगर कोन घरी जात न्हाय. दिसायला पानी निवांत असतं. भरती आली का सगला मीठ घेऊन जातं."

बाकीचे हसले, आणि ते त्याच्या बाजूने हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेठ तर मला उठताबसता सांगायचा, "मिस्तरी, तू शिकलेला छे, पण पोशा बंद करते ते जरा बघ." मी ते चोरून बघितलं होतं, दहा वेळा बघितलं होतं. त्याच्या हातात घाई नव्हती, आणि माझ्या हातात ती जन्मापासून होती.

त्या वर्षी दसऱ्यानंतर दुसरं यंत्र येणार होतं आणि दोन्ही यंत्रांवर एक हेडमिस्तरी नेमायचा होता. ती जागा एक तर पोशाला मिळणार होती, नाहीतर मला. त्या जागेवाचून मला अन्न गोड लागेना.

खंडेनवमीला यंत्राची पूजा. शेठाणी मुंबईहून आली होती आणि तिला दुपारच्या लाँचने परतायचं होतं. शेठने विचारलं, "पोशा, बंद करायला किती टाइम?"

"अर्धा तास तरी लागंल, शेठ."

"पाच मिनिटं," मी म्हणालो.

शेठने घड्याळाकडे पाहिलं आणि मला खूण केली. पोशा दारापाशी जाऊन उभा राहिला.

मी दांडा ओढून पट्टा मोकळ्या पुलीवर सरकवला. रूळ थांबले. रबराचा गोळा फटीत तसाच राहिला. त्याच इंजिनावर टाकीत पाणी चढत होतं म्हणून तेही चालूच ठेवलं. म्हटलं, पूजा झाल्यावर बघू. शेठाणीने पाणी मारलेला झेंडूचा मोठा हार पुढे केला. तो अडकवायला मला समोर दांडाच दिसला. हार घालून मी वळलो तर पोशा त्या दांड्याकडे टक लावून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर जळफळाट होता आणि तो बघून मला कोण आनंद झाला!

मी रुळाला कुंकू लावायला वाकलो. हाराच्या भाराने दांडा हळूहळू कलत गेला असणार. पट्टा सरकला, रूळ फिरले आणि माझ्या उपरण्याचं टोक फटीत गेलं. दुसरं टोक गळ्याभोवती होतं. शेठाणी किंचाळली एवढंच मला आठवतं. पोशा धावला. दांडा ओढू गेला तर हाराचा दोरा पुलीच्या आसाला गुरफटलेला, दांडा हलेना. मग त्याने धावता पट्टाच उजव्या हाताने धरला आणि पुलीवरून खाली ओढून काढला. मी वाचलो. त्याची दोन बोटं गेली.

अलिबागच्या दवाखान्यात शेठने माझ्यासमोरच त्याला विचारलं, "चूक कोणाची?"

"मिस्तरींची," पोशा म्हणाला. माझे कान तापले. पण त्याचं बोलणं संपलं नव्हतं. "आनि माजी बी. हार दांड्याला घातला तवाच मी पायला. बोललो न्हाय."

"का नाय बोलला?"

"वाटला, रूळ जरासा हलंल, हा घाबरंल, चारचौघांत फजिती होईल. होऊंदे, म्हटला. उपरन्याचा ध्यानच नव्हता." तो छताकडे बघत होता. "तुमी याच्याशी नकाशा उगडून बोलता, शेठ. मी बाजूला खांबासारका उभा असतो. दोन वर्सं जलतोय मी याच्यावर."

ज्याचा मी हेवा केला, तो माझा हेवा करत होता! खरं सांगतो, आधी मला बरं वाटलं. त्याच्या हाताच्या पट्टीतून रक्त झिरपत होतं आणि मी मनातून सुखावलो होतो. लाज नंतर वाटली.

तुटक्या बोटांचा माणूस दोन यंत्रं कशी सांभाळणार, असं म्हणून शेठने जागा मला दिली. पोशाला द्या, मी त्याच्या हाताखाली राहतो, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. ते ओठांवर आलं आणि मी ते गिळलं. पोशाने पेणच्या बाजूला भावाच्या मिठागरावर जायचं ठरवलं.

जायच्या दिवशी भोंग्याच्या आधी तो आला आणि दारात उभा राहिला. मी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. रबर सोललं, स्क्रू सैल केले, रूळ निववले, इंजिन बंद केलं, पट्टा उतरवून गुंडाळला. कान देऊन उभा राहिलो. अर्धा तास तो माझे हात बघत होता.

मग म्हणाला, "बरा केलास."

तेव्हापर्यंत माझ्याशी बोलताना तो अहो-जाहो करायचा. त्या दोन शब्दांनी मला असा काही आनंद झाला की मी तिथेच यंत्रापाशी हसत उभा राहिलो. भानावर येऊन दारात गेलो तेव्हा तो खाडीच्या बांधावर पार पोचला होता, आणि त्याच्या हाताबद्दल मी एक शब्दही विचारला नव्हता.