धानोऱ्याच्या रस्त्यावर काढलेले जोडे

दोन दिवसांची सुट्टी मिळावी म्हणून मी आधी चार रात्रपाळ्या अंगावर घेतल्या होत्या. नर्सच्या नोकरीत सुट्टी अशीच मिळते. त्यामुळे शनिवारी सकाळी चंद्रपूरबाहेरच्या सरळ रस्त्यावर सायकल घेऊन उभी राहिले, तेव्हा पाय आधीच संपलेले होते.

आमच्याकडे सायकलीचा मोसम पाऊस उघडल्यावर, धान कापणीच्या सुमारास सुरू होतो. पहिल्याच आठवड्यात दोन शर्यती असतात. शनिवारी एकेकट्याने वीस किलोमीटर, रविवारी गडचिरोलीहून धानोऱ्यापर्यंत जाऊन परत. दोन्ही दिवस ठरलेल्या वेळेत पोचलात तर वर्षभर क्लबच्या शर्यतीच्या गटात, नाहीतर फेरफटक्याच्या. फेरफटक्याच्या गटात आठ निवृत्त मंडळी आहेत. ती दर टपरीवर थांबतात. गेल्या वर्षी मी सात मिनिटांनी हुकले आणि वर्षभर चहा प्यायले. मी एकोणपन्नास वर्षांची आहे. यंदा जमलं नाही तर पुढे जमेल असं मला वाटत नव्हतं.

शनिवार कसाबसा निभावला. कोळशाचे ट्रक शेजारून जात होते, दातांत धूळ कचकचत होती. अर्धं मिनिट राखून पोचले आणि रस्त्याकडेला गवतात बसून राहिले. माझी मैत्रीण औषधाचं दुकान चालवते. ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे आणि माझ्याबरोबरच सराव करते. ती कधीच पोचली होती.

"तोंड पाह्य आरशात. खाणीतून निघाल्यासारखी दिसून राह्यली."

"पाणी दे आधी."

"उद्या माझ्या चाकामागंच राह्य. पुढं येऊ नको, मागं पडू नको."

सल्ला बरोबर होता. रविवारी उन्हं चांगली वर आल्यावर निघालो. त्याआधी तो रस्ता आमच्यासाठी खुला नसतो, कारण मध्ये दहा किलोमीटर दाट जंगल आहे आणि वाघाचा वावर आहे. जंगलाच्या दोन्ही तोंडांशी वही घेऊन एकेक माणूस बसवलेला असतो. नियम असा, की तिघांपेक्षा कमी असाल तर आत सोडायचं नाही, आणि जितके एकत्र आत गेलात तितके एकत्र बाहेर यायचं. एकटं कोणी आलं तर मागच्यांसाठी थांबायचं, नाहीतर मागून येणाऱ्या गाडीत सायकल टाकायची.

आम्ही सहा जणी होतो. जाताना मी मैत्रिणीचं चाक सोडलं नाही. पायांत गोळे येत होते, पण वेळ हाताशी होता. धानोऱ्याहून फिरलो तेव्हा घड्याळ पाहून मी हिशेब केला, की असंच चाललो तर वीस मिनिटं राखून पोचू.

जंगलाच्या अलीकडे एक गाव लागतं. तिथे डाव्या बाजूचा अर्धा रस्ता धानाने भरलेला होता. या दिवसांत तो तसा असतोच. डांबर तापतं, धान लवकर वाळतं. कडेने दगडांची ओळ लावतात, गाड्या उजवीकडून जातात. समोरून एसटी येत होती. पाच जणी एकापाठोपाठ बस आणि दगडांच्या मधून निघून गेल्या. मी सहावी, दमलेली. हँडल जरा हललं, पुढचं चाक दगडाला लागलं आणि मी सायकलीसकट धानात गेले.

लागलं काहीच नाही. उठून सायकल उचलायची आणि निघायचं, एवढंच काम होतं. पण मी उठले नाही. बसल्या बसल्याच जोड्यांचे पट्टे सोडायला लागले. आमचं घर धानाचं. खळ्यात चप्पल घालून गेलं की आई हातातलं असेल ते फेकून मारायची. सायकलीच्या जोड्यांना तर खाली पायडलात अडकायचा टणक ठोकळा असतो, त्याने दाणा फुटतो. त्या क्षणी यातलं काही मनात आलं, असं मात्र म्हणता येणार नाही. पाय धानात होते, म्हणून हात जोड्यांकडे गेले.

एक म्हातारी बाई पायाने धान पलटवत होती. ती थांबून पाहत राहिली.

"काऊन जोडे काढून राह्यली वं बाई? तुमची तं रेस हाये ना?"

"धानात आहे ना मी."

"ते दिसून राह्यलं मले. बाकीच्या गेल्या."

"जाऊ द्या."

"मंग पाय उघडे केलेच हायेत, तं एक फेरी मारून दे या टोकापासून त्या टोकापर्यंत. माहे गुडघे दुखून राह्यले."

फेरी मारली नाही. रस्त्यावर उडालेलं धान दोन ओंजळी भरून आत टाकलं, दगड जागेवर लावला, अनवाणी डांबरावर आले, जोडे घातले. एक पट्टा बसेना. निघाले तेव्हा समोरचा रस्ता रिकामा होता.

जंगलाच्या तोंडाशी वहीवाल्याने हात आडवा केला.

"एकट्या आहात म्याडम. थांबा."

"पाचजणी किती वेळापूर्वी गेल्या?"

"चार मिनटं झाले असतील. तुमच्या मैत्रिणीनं विचारलं, सहावी कुठी आहे म्हणून. मी म्हटलं, मी का तिच्या घरचा आहो?"

मी सायकल सागाला टेकवली आणि जोड्यातलं धान काढलं. मागे दोनच माणसं उरली होती, फेरफटक्याच्या गटातले निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांचे साडू. ते हौसेने वेळेची अट नसलेल्या मुक्त विभागात उतरले होते. बारा मिनिटांनी ते गप्पा मारत आले.

पोस्टमास्तर म्हणाले, "अरे बाई, आमच्यासाठी थांबल्या? जाऊ ना मंग. पण हळूच हं, याले दम लागते."

दहा किलोमीटर मी त्यांच्या वेगाने गेले. पुढे जाऊन उपयोग नव्हता, तिकडचा वहीवाला तिघांना मोजल्याशिवाय सोडणार नव्हता. साडूभाऊंनी दोनदा पाय टेकले. पोस्टमास्तरांनी मला गुडघ्यासाठी कोणतं तेल चांगलं ते विचारलं. मी सांगितलं.

जंगल संपलं, नावं लिहून झाली, तेव्हा वीस मिनिटं आणि नऊ किलोमीटर उरले होते. ताज्या पायांनी ते जमलं असतं. मी हँडलवर वाकले आणि होतं नव्हतं ते सगळं लावलं. शेवटच्या चढावर डोळ्यांपुढे अंधारी आली. तीन मिनिटांनी हुकले.

मैत्रीण पाण्याची बाटली घेऊन उभी होती. काय झालं ते मी सांगितलं. तिने बाटली माझ्या हातात दिली.

मग म्हणाली, "जोडे नसते काढले, तं पोचली असती."

"हो."

"मी तशीच निघाली असती."

"तू दुकानदाराच्या घरची आहेस."

ती हसली. मला हसायलाही कंटाळा आला होता. आयोजकांना मी एवढंच सांगितलं, की ही शर्यत धान वाळायच्या दिवसांत ठेवू नका. ते म्हणाले, पुढे ढकलली तर रस्त्यावर तूर येते. तेही खरं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी पोस्टमास्तरांचा फोन आला. मी उठलेलीच होते. फेरफटक्याच्या गटाबरोबर मूल गावाच्या दिशेने निघाले. पहिल्या टपरीवर सगळे थांबले, मी थांबले नाही. सहा किलोमीटर एकटीच पुढे गेले. दुसऱ्या टपरीवर उतरले आणि नऊ चहा सांगितले.