डंपरकाकांचा डोंगर

एकतीस वर्षं डंपरकाकांनी खाणीतला राखाडी गाळ वस्तीबाहेर नेऊन ओतला. अहो, तो अख्खा डोंगर म्हणजे त्यांचंच कर्तृत्व! खाण बंद पडली, डोंगर तसाच राहिला. वारा सुटला की धूळ थेट घराघरांत. मग चार वर्षांच्या नातीच्या रक्तात शिसं सापडलं. डॉक्टर म्हणाले, "ही धूळ थांबेपर्यंत पोरीला इथे ठेवू नका." सून तिला घेऊन माहेरी गेली. त्या दिवशी काका जेवले नाहीत.

माती तपासणाऱ्या बाई आल्या, तेव्हा काकाच आधी पुढे झाले. बाईंचं म्हणणं साधं होतं: गाळात चुना आणि कुजलेलं शेणखत मिसळायचं. खत शिसं धरून ठेवतं, वर गवत रुजतं, मग धूळ उडत नाही. शेणानं शिसं आवरायचं? खाणीतल्या जुन्या सोबत्यांनी काकांची यथेच्छ टिंगल केली.

आणि पहिल्याच वर्षी काकांनी घोळ घातला. खत पसरलं, बी टाकलं आणि गाळ दाबून बसवायच्या जन्माच्या सवयीनं वरून रोलर फिरवला! चांगलं चापूनचोपून. एक कोंब वर येईल तर शपथ.

"काका, आपण रस्ता नाही हो बांधत," बाईंनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या वर्षी काका डोक्यावर खताचं घमेलं घेऊन तो उभा चढ चढले. रोज.

काकूंची तपासणी वेगळीच. वाऱ्याच्या दिवशी त्या ओली पांढरी चादर दोरीवर टाकायच्या. संध्याकाळी ती राखाडी झालेली असायची.

एका सकाळी काका वर पोचले आणि मटकन खालीच बसले. सगळ्या उतारावर हिरवी लव! बोटानं माती उकरली, तर आत गांडूळ. जिथे कधी मुंगी फिरकली नव्हती, तिथे! काका बराच वेळ त्या वळवळणाऱ्या जिवाकडे बघतच राहिले.

गवत दाट झालं आणि पुढच्या उन्हाळ्यात सोसाट्याचा वारा सुटला. संध्याकाळी दोघांनी चादर उजेडात धरली. पांढरीशुभ्र.

"परत धुतलीस का गं?"

"मी कशाला धुवू? बाईंचं धूळ मोजायचं यंत्रही तेच सांगतंय. बघत काय बसलात, फोन लावा!"

काका चष्माच शोधत बसले, शेवटी काकूंनीच लावला. पलीकडून नातीनं विचारलं, "आजोबा, तुमचा डोंगर अजून उडतो?"

"नाही गं बाळा," काका म्हणाले. "बसला एकदाचा. आता ये तू."