येताना हवा कमी करा

परभणी जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही, हे मी चौथीत शिकलो होतो आणि पुढे कधी त्याची गरजच पडली नाही. ती आमच्या थोरल्या साडूंनी पाडली. एका मंगळवारी भर दुपारी ते माझ्या प्रेसमध्ये आले, टेबलावरचे लग्नपत्रिकांचे नमुने बाजूला सारले, नकाशाचा एक चौघडी कागद पसरला आणि म्हणाले, "साडूभाऊ, समुद्रावर मासे धरायला जायचंय. आपली गाडी घेऊन. वाळूवरनं."

मी आधी त्यांना पाणी दिलं. उन्हाचे दिवस होते.

आमची दोघांची सासुरवाडी बोरीची. त्यांना थोरली बहीण दिली, मला धाकटी. त्यामुळे त्यांनी योजना आखायची आणि मी तिच्यात सापडायचं, ही वाटणी लग्नातच झालेली आहे. साडूंचं गाव सोनपेठ तालुक्यात, गोदावरीच्या काठाला. तीन वर्षांपूर्वी त्यांनी एक दणकट गाडी घेतली, चारही चाकांना ताकद देणारी. गावात तिला 'फोरबायफोर' म्हणतात. ती ताकद सुरू करायचा जो खटका असतो, त्यावरचं शोरूमचं प्लास्टिक साडूंनी अजून काढलेलं नव्हतं. उगं झिजल, म्हणायचे. पावसाळ्यात काळ्या रानात गाडी बुडापर्यंत रुतली तेव्हा त्यांनी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बोलावला, पण खटक्याला हात लावू दिला नाही.

आता मासे हे निमित्त होतं, हे मला, त्यांना आणि प्रेसमधल्या मशीनलाही ठाऊक होतं. साडूंची एकुलती एक लेक पुण्यात नोकरीला होती. तिथेच तिचं जमलं आणि ती थेट समुद्राकाठी सून म्हणून गेली. साडूंनी लग्न थाटात करून दिलं. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना गोदावरीतल्या मरळ माशाचं कालवण वाढलं. व्याही भला माणूस, पण जिभेवर मीठ जरा जास्त. दोन घास खाऊन ते म्हणाले, चव छान आहे, फक्त किंचित मातीचा वास येतो. झालं. साडूंनी ताटावर हसून घेतलं आणि त्या दिवसापासून लेकीच्या घरी पाऊल टाकलं नाही. दीड वर्ष. लेक फोनवर रोज बोलायची आणि दर रविवारी विचारायची, पप्पा, कधी येता. पप्पा म्हणायचे, हरभरा निघू दे. हरभरा निघाला की म्हणायचे, हळद शिजू दे.

साध्या पाहुण्यासारखं पिशवी घेऊन जाणं त्यांना शक्य नव्हतं. म्हणून मोहीम. आपण आपले मासे धरायला निघालो आहोत, वाटेत लेकीचं घर लागतं, नाइलाज आहे, असा तो बेत होता. सोनपेठहून समुद्रापर्यंत जाताना जे जे वाटेत लागतं त्यात लेकीचं घर अगदी शेवटी, समुद्राला टेकून होतं, ही गोष्ट निराळी.

बेत कानावर जाताच व्याह्यांनी मोठ्या उमेदीने सूचना पाठवायला सुरुवात केली. किनाऱ्यावर गाडी नेऊ देत नाहीत, पण सुरूच्या बनामागून वाळूची गाडीवाट आहे, ती थेट खडकांपर्यंत जाते. तिथे भरतीच्या पाण्यावर तांबोशी नावाचा मासा लागतो. गळ, दोरा, आमिष, सगळं माझ्याकडे आहे. एक फावडं, एक घमेलं आणि चार गोणपाटं गाडीत असू द्या. आणि शेवटी एक ओळ होती, जिच्यामुळे हे सगळं लिहावं लागतंय: 'व्याही, येताना फक्त हवा कमी करा. बाकी सगळं मी बघतो.'

साडूंनी फोन माझ्यापुढे धरला. त्यांचा कान लाल झाला होता.

"बघितलं का? माझी हवा कमी करायलेत."

मी ओळ तीनदा वाचली. खरं सांगतो, मलाही दुसरा अर्थ दिसला नाही. आमच्याकडे माणसाला हवा असते. निवडून आलेल्याला असते, जावई नोकरीला लागलेल्याला असते, नवी गाडी घेतलेल्याला तर असतेच असते, आणि ती कमी करणं हे गावाचं आवडतं काम असतं. मी समजूत काढली की चेष्टा असेल. साडू म्हणाले, मातीचा वास हीसुद्धा चेष्टाच होती. आणि गेले ते थेट पंक्चरच्या दुकानात. चारही टायरांत हवा दाबून भरून घेतली. दुकानदार म्हणाला, मामा, बस झालं, टायर दगड झाला. साडू म्हणाले, अजून मार.

यानंतरची चूक संपूर्ण माझी आहे, आणि ती मी इथे अभिमानाने कबूल करतो. व्याह्यांनी भरती-ओहोटीच्या वेळा पाठवल्या होत्या. मोहिमेला दोन-चार सोबती हवेत म्हणून साडूंनी मला गावाच्या ग्रुपवर टाकायला मजकूर मागितला. मी पडलो प्रेसवाला. पंचवीस वर्षं बॅनर छापून माझा हात असा झालाय की 'भव्य' लिहिल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. मी लिहून दिलं: 'भव्य समुद्रकिनारा भरती. सकाळी पावणेसहा. इच्छुकांनी रविवारी पहाटे अंगणात जमावं. आधी वाळूवर सराव होईल.'

रविवारी पहाटे मी पोचलो तेव्हा अंगणात तीस-पस्तीस तरुण उभे होते. हाफ चड्डी, पायात बूट, काखेत प्लास्टिकची फाईल. फायलीत मार्कमेमो, जातीचा दाखला, रहिवासी, चार फोटो. दोघे-तिघे आधीच वाड्यावस्तीला चक्कर मारून घामाघूम झाले होते. एकाने उंची मोजायला टेप आणली होती. मेंढरं राखणाऱ्या घरातला एक लांबसडक गडी कळप भावाच्या हवाली करून शेजारच्या गावातून आला होता. आमच्या जिल्ह्यात भरती म्हटलं की पोलीस, नाहीतर लष्कर. समुद्रकिनारा म्हटल्यावर पोरं धरून चालली की हे नवीन खातं निघालंय, आणि वाळूवर सराव म्हणजे सोळाशे मीटर.

साडूंनी मला पुढे ढकललं. मी ओट्यावर चढलो. एके काळी गावच्या नाटकांत मी राजाची कामं केली आहेत, पण इतक्या आशेने बघणारा प्रेक्षक मला कधी मिळाला नव्हता. मी चंद्र, समुद्र, पाणी वर चढणं, पाणी खाली उतरणं, सगळं हातवारे करून सांगितलं. मग तो मेंढपाळांतला गडी म्हणाला:

"म्हंजे तिथं भरती रोज होती?"

"दिवसातून दोनदा."

"आन् आपल्याकडं चार वर्सं झाली, एक न्हाई."

मागून कोणीतरी विचारलं, वेळ पक्की असते का. मी म्हणालो, नाही, रोज पाऊण तास पुढे जाते. "पुढं ढकलतेत का," तो म्हणाला, "मग सरकारीच हाय." सगळे हसले आणि मी सुटलो. चार-दोन जण शिव्या पुटपुटत गेले. बाकीच्यांनी विचार केला की चहा झालाय, बूट घातलेत, आता घरी जाऊन करायचं काय. ते सरावाला आले.

नदीत पाणी एका कडेला होतं, बाकी पांढरी वाळू. साडूंनी गाडी काठावर उभी केली आणि मोठ्या सोहळ्याने खटक्यावरचं प्लास्टिक काढलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. गाडी वाळूत उतरली, वीसेक हात रुबाबात गेली आणि बसली. साडूंनी जोर दिला तशी ती आणखी खाली गेली. मागे वाळूचे फवारे उडाले, एका उमेदवाराची फाईल भरली. मग चाकं थांबली आणि गाडी पोटावर टेकली. साडू आत ताठ बसून राहिले. बाहेर यायचं म्हणजे कबूल करणं होतं.

शेवटी आम्ही फावडं आणि घमेलं काढलं, गोणपाटं अंथरली आणि चाकांभोवतीची वाळू उपसू लागलो. नेमक्या त्या वेळी महसूलची पांढरी जीप काठावर येऊन थांबली.

आता तुम्ही त्या तलाठ्याच्या जागी उभे राहा. रविवारची सकाळ, सरकारी सुट्टी, नदीचं पात्र. मधोमध एक दणकट गाडी. भोवती बूट घातलेली पंचवीस-तीस धडधाकट माणसं. फावडं चालू आहे, घमेलं भरलं जातंय, गोण्या तयार आहेत. तलाठी तरुण होता, चेहऱ्याने दमलेला. त्याने विचारलं, काय चाललंय. मी पुढे होऊन सांगितलं की आम्ही समुद्रावर मासे धरायला जाण्याचा सराव करत आहोत.

त्याने एकदा गोण्यांकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं.

"वाळूच्या बाबतीत म्या लय बहाणे ऐकले," तो म्हणाला. "घरकुलासाठी म्हणतेत, देवळासाठी म्हणतेत. समुद्र पहिल्यांदाच ऐकायलोय."

त्याने पंचनाम्याचे कागद काढायला सांगितले. पोरं हळूहळू मागे सरकली. फायलीतल्या चारित्र्याच्या दाखल्याची त्यांना काळजी होती. दोघांनी मात्र तेवढ्यातही तलाठी भरती कधी निघणार ते विचारून घेतलं. गाडी जप्त झाली असती तर मोहीम संपली असती, आणि मोहीम संपली की साडूंकडे जायला निमित्त उरलं नसतं. ते गाडीतून उतरले. टोपी काढून हातात घेतली.

"साहेब, मासे न्हाईत," ते म्हणाले. "माझी पोरगी हाय तिकडं. दीड वरीस झालं, तिला बघितली न्हाई."

पोरांपुढे, महसूलच्या माणसांपुढे, माझ्यापुढे. ते वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. दीड वर्षात थोरल्या मेहुणीनेही ऐकलं नसावं.

तलाठ्याने कागद खाली ठेवले. मग जात का नाही, मामा, असं त्याने विचारलं. साडूंनी फोन काढला, ती ओळ शोधली आणि त्याच्यापुढे धरली. असं लिहिणाऱ्याच्या दारात कसं जावं, तुम्हीच सांगा, म्हणाले.

तलाठ्याने वाचलं. मग गाडीच्या टायरांकडे बघितलं. दगडासारखे फुगलेले, वाळूत रुतलेले चार टायर. त्याने पुन्हा फोनकडे बघितलं, आणि त्याच्या दमलेल्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"मामा, हे टायरचं हाय."

त्याची पहिली नेमणूक समुद्राकाठची होती. आमच्या भागातली पोरं जिथे जागा निघेल तिथे फॉर्म भरतात. हा तिकडे लागला, सहा वर्षं भातासोबत दिवस काढून बदली घेऊन परत आला. तिकडे वाळूत गाडी घालायची तर आधी टायरची हवा कमी करतात, त्याने सांगितलं. टायर पसरतो, वाळूवर तरंगतो. भरलेला टायर वाळू कापत खाली जातो. कोणी तसं कळवलं तर तो आपल्या गाडीची काळजी करतोय असं समजायचं.

मी आभाळाकडे बघत होतो, कारण साडूंकडे बघितलं असतं तर हसू आवरलं नसतं, आणि ती वेळ हसायची नव्हती. निदान पूर्ण हसायची नव्हती. साडू खाली वाकले. काठावरच्या बाभळीचा एक काटा मेंढपाळांतल्या गड्याने आणून दिला. पहिल्या चाकापाशी ते मांडी घालून बसले आणि काट्याने नळीचं तोंड दाबून धरलं. हवा सुटू लागली. भरायला दोन मिनिटं लागलेली ती हवा बाहेर यायला फार वेळ घेत होती. एक चाक झालं की ते उठायचे, धोतर झटकायचे, दुसऱ्यापाशी बसायचे. कोणाला हात लावू दिला नाही. उमेदवार, तलाठी, जीपचा ड्रायव्हर, सगळे तो फुसफुस आवाज ऐकत उभे होते.

मग साडूंनी खटका टाकला, पोरांनी मागून खांदा लावला, आणि गाडी वाळूवरून अशी चालत बाहेर आली की पोरांना धड ढकलायलाही मिळालं नाही.

आम्ही गुरुवारी निघालो. साडू, मी आणि आमच्या बायका. गावाबाहेर पडायच्या आधी त्याच पंक्चरवाल्याकडे डांबरी रस्त्यापुरती बेताची हवा भरली. तो म्हणाला, अजून मारू का, मामा. साडू म्हणाले, पुरे. वाटेत एका जागी मुक्काम केला. साडू दर दोन तासांनी गाडी थांबवून टायरांभोवती फिरून यायचे आणि मी विचारलं नसतानाही सांगायचे, ठीक हाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. नारळाच्या झाडांमागे कुठेतरी पाणी गरजत होतं. ती भरती होती की ओहोटी, मला ओळखू आलं नाही. व्याही फाटकाशी उभे होते. त्यांच्या मागे, दारात, लेक. साडू उतरले, पण पुढे गेले नाहीत. गाडीला एक हात टेकून उभे राहिले आणि व्याह्यांना म्हणाले, "हवा कमी करून आलोय."

व्याही भला माणूस. लगबगीने पुढे आले, वाकले आणि पुढचा टायर अंगठ्याने दाबून बघितला. टायर टणक होता. त्यांनी दुसरा दाबला. तोही टणक. ते काहीतरी सांगायला म्हणून वर बघू लागले, आणि साडूंचा चेहरा बघून बोलायचं राहून गेलं. तोवर लेक फाटक ओलांडून आली होती.

रात्रीच्या जेवणाला तांबोशी होता. साडूंनी पहिला घास घेतला, आम्ही सगळे श्वास धरून बसलो. ते सावकाश चावत राहिले.

"चव छान हाय," ते म्हणाले. "फक्त मातीचा वास कमी हाय थोडा."

व्याह्यांना ठसका लागला. पाणी लेकीनेच दिलं.